दुसरा नांगर

मेहेर सर मला आयुष्यात एकच खोटं बोलले. पण ते पाच वर्षं बोलले, आणि बहुतेक वेळा माझ्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी खात बोलले. चटणीचं मी माफ केलं आहे. बाकीचं करायचं की नाही ते अजून ठरत नाही, म्हणून हा माणूस तुमच्यापुढे उभा करते. बघा तुम्हीच.

तलासरीतल्या एका शाळेत आम्ही एकवीस वर्षं बरोबर होतो. मी मराठी शिकवायचे आणि दर स्नेहसंमेलनाला एक नाटक लिहायचे. ते गणित शिकवायचे आणि उरलेला वेळ गप्प बसायचे. ते वरोरचे, मी डहाणूची. दोघांच्याही घरी मासळी, आणि दोघांनीही ती सोडून हातात खडू धरलेला. रोज सकाळी ते रिक्षाने डहाणूला यायचे आणि तिथून आम्ही एकाच एसटीने चारोटीवरून तलासरीला जायचो. खिडकीची जागा ते मला द्यायचे. मला वाटायचं, काय सभ्य माणूस! एकदा कंडक्टरने विचारलंच, "सर, तुम्ही कधी खिडकीत बसत नाही?"

"बाईंना बसू दे," सर म्हणाले. "अर्धं बोलणं तरी बाहेर जातं."

उंचीने बेताचे, केस तेल लावून चापून बसवलेले. शर्टाच्या खिशात तीन वस्तू कायम: लाल पेन, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि दिनदर्शिकेचं त्या महिन्याचं पान, चार घड्या घातलेलं. पान कशाला? तर तिथी बघून भरती-ओहोटीची वेळ काढायला. तलासरीत! जिथे समुद्र बघायचा तर आधी बस बघावी लागते, तिथे हा गृहस्थ फळ्यावर त्रैराशिक मांडता मांडता मध्येच थांबून म्हणायचा, "आता पाणी चढायला लागलं असेल."

खरी गंमत पुढे आहे. सरांचे वडील वरोरचे नावाजलेले तांडेल, होडी चालवणारे. आणि तांडेलाचा हा एकुलता मुलगा होडीत पाय ठेवला की ओकायचा. चार वेळा नेला, चारही वेळा ओकला. पाचव्या वेळी बापाने त्याला किनाऱ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "तू शीक." त्यामुळे झालं काय, की बापाचं सगळं दर्यावर्दीपण या माणसात आलं आणि त्याला जायला समुद्रच उरला नाही. ते साचून राहिलं. मग एक दिवस शाळेत संगणक आले.

पण त्याआधी नांगराची गोष्ट. ती त्यांनी मला एसटीत सांगितली होती, आशागडच्या उतारावर, स्वतःहून. स्वतःहून म्हणून मुद्दाम सांगते आहे.

"बाबा होडीत दोन नांगर ठेवायचा," ते म्हणाले. "एक पुढे, सगळ्यांना दिसणारा. दुसरा बर्फाच्या पेटीखाली, फाटक्या जाळ्यात गुंडाळलेला. खलाशांना त्याचा पत्ता नाही."

"का हो? लपवायचा कशाला?"

"दुसरा आहे हे कळलं की पहिल्याचा दोर कोणी नीट बांधत नाही."

मला ती गोष्ट इतकी आवडली की मधल्या सुट्टीत मी ती शिक्षकांच्या खोलीत साभिनय करून दाखवली. बर्फाची पेटी म्हणून चित्रकलेच्या सरांची बॅग वापरली. चौथ्या तासाला शिपाई मला विचारत होता, "बाई, मग त्या खलाशांना कळलं का हो शेवटी?" मेहेर सर माझ्याकडे बघून नुसते हसले होते. त्या हसण्याचा अर्थ मला लागायला फार वर्षं गेली.

तर संगणक. बारा होते, कोणीतरी देणगी दिलेले, म्हणजे त्यांनी वापरून झालेले. शिक्षकही बाराच, त्यामुळे प्रत्येकाकडे एकेक सोपवलेला. मुलांचा तास नसेल तेव्हा आपण आपलं काम त्यावर करायचं. आतली विंडोज बिनपरवान्याची, कोणी टाकली ते कोणालाच माहीत नाही. ती इतकी दमलेली होती की मुलं बटण दाबून प्रार्थनेला जायची, आणि परत आली तरी तो पडदा विचारच करत असायचा. मग एक दिवस परिपत्रक आलं: परवाना नसलेलं काहीही शाळेत चालणार नाही. मुख्याध्यापकांनी सभा बोलावली. त्या सभेत मेहेर सरांनी नोकरीत पहिल्यांदा हात वर केला.

"विंडोज काढून लिनक्स टाकू. फुकट आहे, कोणाची चोरी नाही, आणि जुन्या यंत्रावर चालतं."

आमच्या मुख्याध्यापकांचं एक आयुष्यभराचं वाक्य होतं. तेच त्यांनी विचारलं. "पण नियमात बसतं का?"

"साहेब, सध्या जे आहे तेच बसत नाही."

झालं. तीन आठवडे तयारी चालली. लग्नघरातसुद्धा मी इतकी तयारी बघितलेली नाही. सरांनी लिनक्स वरोरला घरी उतरवून घेतलं, पेनड्राइव्हवर चढवलं आणि तो पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, जेवणाच्या डब्याच्या वरच्या मजल्यात घालून आणला. आणला तो आणला, वर तो खरा आहे की वाटेत बिघडला, याची परीक्षा. चौसष्ट अंक-अक्षरांची एक माळ होती. ती बनवणाऱ्यांनी दिलेली आणि आपल्याला मिळालेली, अशा दोन्ही माळा तंतोतंत जुळल्या पाहिजेत म्हणे. संगणकाला ते करता येतं. पण सरांचा त्यावर विश्वास नाही. मी वाचायचं, त्यांनी कागदावर बरोबरच्या खुणा करायच्या.

"सात, बी, बी, शून्य..." मी आवाज लावला. मी काही नुसतं वाचणारी नव्हे. पंचविसाव्या अक्षराला मी हुंदका दिला, चाळिसाव्याला तलवार उपसली.

"बाई," सर मान वर न करता म्हणाले, "मासळीचा लिलाव चाललाय. सपाट बोला."

चौसष्टच्या चौसष्ट जुळले तेव्हा त्यांनी पेनड्राइव्ह कपाळाला लावला.

मग तीन दिवस 'पाण्यात पाय'. म्हणजे संगणकात काही न टाकता, नुसत्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघायचं. आवाज येतो का, छपाई होते का, मराठी उमटतं का. त्यानंतर शिधायादी. होडी निघण्याआधी बर्फ, पाणी, तांदूळ, डिझेल लिहून काढतात तशी. प्रत्येक शिक्षकाने आपल्या संगणकातलं जे जे हवं ते कागदावर लिहायचं, सही करायची, आणि सर तेवढंच बाहेर काढून ठेवणार. "यादीत नाही ते समुद्रात," ते प्रत्येकाला बजावत होते. माझ्या यादीत तेरा नाटकं होती. चौदावं नव्हतं. त्याचं कारण सांगते, पण थोडं थांबा, आधी होडी पाण्यात जाऊ दे.

मुहूर्त अर्थातच भरतीचा. एका शनिवारी शाळा सुटल्यावर बाराही शिक्षक आपापल्या यंत्रापुढे उभे. सरांनी प्रत्येक यंत्राला होडीचं नाव दिलं होतं: जलपरी, धनलक्ष्मी, सागरकन्या. माझ्या यंत्राचं नाव भोंगा. माझ्या खणखणीत आवाजाचा गौरव म्हणून मी घरी पेढे नेले. आता वाटतं, माणसाने दारावर पाटीच लावली होती आणि मी ती वाचून खूश होत होते.

सर एकेकाजवळ जायचे. सगळी मांडणी करून ठेवलेली असायची, शेवटचं बटण तेवढं बाकी. ते मात्र स्वतः दाबायचे नाहीत. "होडी ज्याची, हात त्याचा." माझ्याजवळ आले. पडद्यावर इंग्रजीत काही लिहिलेलं होतं आणि खालच्या अर्ध्या भागावर सरांचा हात टेकलेला होता. तेव्हा वाटलं, दमले असतील.

"बाई, इथून पुढे जुनं सगळं पुसलं जाईल. परतीची वाट नाही. दाबू का, असं मला विचारू नका. तुम्ही ठरवा."

मी पदर खोचला, डोळे मिटले आणि दाबलं. अहो, सती जाणारी बाई इतका विचार करत नसेल.

आणि चाललं, बरं का! प्रार्थना संपायच्या आत यंत्रं तयार असायची. पहिला आठवडा बारा शिक्षकांनी सरांना शिव्या दिल्या. हे बटण कुठे, ते चित्र कुठे. चित्रकलेचे सर तर म्हणाले, "माझं जुनं परत द्या, मी परवाना विकत घेतो." सर प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे, "परतीची वाट नाही." दुसरी वाटच नाही म्हटल्यावर माणसं चालायला लागतात. महिन्याभरात चालायला लागली. मुलं तर पहिल्या दिवसापासून पळतच होती.

आता ते चौदावं नाटक. नाव 'माशाची साक्ष'. कोर्टात खटला आहे: मासा कोणाचा? होडीवाल्याचा, जाळंवाल्याचा की विकणारीचा? शेवटी माशालाच साक्षीला बोलावतात. यातला न्यायाधीश दर दोन वाक्यांनी विचारतो, "पण नियमात बसतं का?" आता तुम्हीच सांगा, हे नाटक मी शाळेच्या संगणकात त्याच्या खऱ्या नावाने ठेवीन का? मी त्याला नाव दिलं होतं 'सातवी ब तोंडी गुण'. जगात कोणीही ते उघडणार नव्हतं. शिधायादी करताना मीसुद्धा ते ओलांडून गेले.

त्यात शेवटी मासळी विकणारीचं भाषण होतं. ते मी लिहिलेलं नव्हतं. ते माझ्या ताईचं होतं. ताईने डहाणूच्या बाजारात तीस वर्षं मासळी विकली. तिच्या डोक्यावरच्या पाटीवर मी डी.एड. झाले. एका दुपारी ती विळीवर घोळ मासा कापत होती आणि मी विचारलं, "ताई, न्यायाधीशापुढे उभी केली तर काय सांगशील गं?" तिने हात न थांबवता अर्धा तास सांगितलं. मी शब्द न् शब्द वहीत टिपला, शाळेत टाइप केला आणि वही कुठे गेली देव जाणे.

लिनक्स टाकायच्या दोन महिने आधी ताईला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. ऐकू सगळं येत होतं. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी बोला, वाचून दाखवा. वर्तमानपत्र वाचून झालं, पोथी वाचून झाली. आणि लिनक्स टाकून झाल्यावर एका रात्री माझ्या डोक्यात आलं, ताईला ताईचंच बोलणं वाचून दाखवावं! तोंडातून गेलेलं कानातून तरी परत मिळेल.

दुसऱ्या दिवशी मी भोंग्यापुढे बसले. शोधलं. मग सरांना हाक मारली.

"सर, 'सातवी ब तोंडी गुण' कुठे आहे?"

"यादीत होतं?"

"नव्हतं. ते गुण नव्हतेच हो, नाटक होतं." आणि मी सगळं सांगितलं. ताई, विळी, वही, सगळं.

त्यांनी पडद्याकडे बघितलं. स्क्रूड्रायव्हर खिशातून काढला, परत ठेवला.

"काहीच करता येत नाही का, सर?"

"परतीची वाट नाही, बाई."

मी रडले. ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वरोरहून सुके बोंबील घेऊन आले.

मग मी ते भाषण आठवून लिहायचा प्रयत्न केला. नाटककार ना मी! चांगलं दोन पानी लिहिलं आणि ताईच्या उशाशी बसून वाचायला लागले. दुसऱ्या वाक्याला तिने मान भिंतीकडे वळवली. गिऱ्हाईकाने मासळीचे कल्ले उघडून बघावेत, शिळी आहे म्हणून काही न बोलता पुढे जावं, अगदी तशी. मी पुन्हा लिहिलं नाही. अधूनमधून सरांना मात्र विचारत राहिले. काही नवीन निघालं का हो, पुसलेलं परत आणायचं? "नाही, बाई." दोन वर्षांनी ताई गेली. सरांनी खांदा दिला.

सरांची एक ख्याती सांगायची राहिली. सरकारी फॉर्म. काही फॉर्म असे यायचे की लिनक्सवर उघडता उघडत नसत. सर म्हणायचे, "सगळे बाहेर जा. दार ओढून घ्या." अर्ध्या तासाने दार उघडायचं आणि फॉर्म भरून तयार. आम्ही बाहेर उभे राहून एकमेकांना सांगायचो, काय डोकं आहे! मी तर त्या बंद दारावर एक पोवाडा रचला होता. निरोपसमारंभात गायलासुद्धा. सर मान खाली घालून ऐकत होते. आम्ही म्हटलं, केवढा विनय!

ते निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी जडवस्तूंची मोजणी माझ्या गळ्यात पडली. शाळेतली प्रत्येक खुर्ची, घंटा, ग्लोब नोंदवहीत आहे तसा जागेवर आहे का, हे बघायचं. संगणक चालतात की नाही, तेही लिहायचं. नोंदवही ही एवढी जाड. मी ती भोंग्याच्या कळफलकावर आपटली आणि बटण दाबलं. वहीच्या कोपऱ्याखाली डावीकडची शिफ्टची कळ दाबलेली राहिली होती. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत यादी उमटली. वर लिनक्स. अगदी खाली विंडोज, पाच वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने पुसलेली.

मी बाण खाली नेला आणि दाबलं. खूप वेळाने, अगदी पूर्वीसारखंच रडतकढत, ते जुनं चित्र आलं: बोर्डीच्या किनाऱ्यावरची आमची सहल. कोपऱ्यात 'सातवी ब तोंडी गुण'.

उघडलं. शेवटचं पान काढलं.

"साहेब, गिऱ्हाईक भाव विचारतं तेव्हा मासळीकडे बघतं. माझ्याकडे कोणी बघत नाही. एकदा बघितलं असतं तर मी भाव कमी केला असता."

ताई होती ती. विळीवरची. शब्द न् शब्द.

मी उठले आणि उरलेल्या अकरा यंत्रांवर, बंद दारामागे सर फॉर्म भरायचे त्यावरसुद्धा, तीच कळ दाबून बघितली. जलपरी. धनलक्ष्मी. सागरकन्या. बाराच्या बारा होड्यांत दुसरा नांगर होता.

रविवारी मी वरोरला गेले. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते. सर खाटेवर बसून दिनदर्शिकेचं पान बघत होते. मला पाहून उठले, आणि माझा चेहरा पाहून परत बसले. वहिनी चहा म्हणाल्या, मी नको म्हटलं. एकवीस वर्षांत मी पहिल्यांदा त्या माणसासमोर काही न बोलता उभी राहिले.

"शिफ्ट?" त्यांनी विचारलं.

"नोंदवही."

त्यांनी मान हलवली. "कळणार होतं कधीतरी."

"तुम्हांला माहीत होतं. मी रडत होते तेव्हा ते फक्त एक कळ दाबण्याच्या अंतरावर होतं."

"होतं."

"ताई जिवंत होती, सर. दोन वर्षं. मला नाही सांगायचं, तर नका सांगू! गुपचूप काढायचं, आणि सापडलं म्हणून हातात ठेवायचं. तेवढं खोटं चाललं असतं मला!"

"एकाचं सापडलं की बाराजणांचं सापडायला लागतं, बाई. आठवड्यात सगळे जुन्यावर परत गेले असते. पोरांचं शिकणं तिथेच संपलं असतं."

"मी कोणाला सांगितलं नसतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. उपहासाने नाही. उपहास असता तर मला भांडता आलं असतं.

"नांगराची गोष्ट मी तुम्हांला सकाळी साडेसातला सांगितली होती," ते म्हणाले. "चौथ्या तासाला शिपायाला ठाऊक होती."

मी मान फिरवली. समुद्राकडून वारा येत होता आणि बोंबील हलत होते. त्यांच्याखाली फाटक्या जाळ्याचा एक बोचका पडलेला होता आणि त्यातून गंजलेल्या लोखंडाचा एक दात बाहेर आलेला होता. मी ओळखला. मोठं काही नव्हतं. मी रंगवून सांगायचे त्याच्या निम्मासुद्धा नव्हता.

"चुकलंच माझं," सर म्हणाले. "पण पुन्हा वेळ आली तर काय करीन, ते मला सांगता येत नाही."

हे एवढं खरं बोलायला त्यांना पाच वर्षं आणि वर निवृत्ती लागली. मी वळले. तिथून निघाले ती सरळ फाटकाशी आले. मनाशी ठरवलं होतं, या माणसाशी आता एक शब्द नाही. आणि मागून त्यांची हाक आली. तीच वर्गातली, काळजीची, गणिताच्या मास्तरची.

"बाई! प्रत दुसरीकडे ठेवलीत ना? एकाच ठिकाणी ठेवू नका."

मी मागे वळून बघितलं. ते अंगणाच्या कडेपर्यंत आले होते, हातात ते घड्या घातलेलं पान. नक्कीच भरतीची वेळ असणार.

"तीन ठिकाणी ठेवली आहे," मी म्हटलं. "कुठे, ते सांगणार नाही."

बाकी सगळं मी सांगते, तुम्ही बघताच आहात. ते मात्र अजून कोणाला सांगितलेलं नाही.